सर्जेरावांच्या नावाची नळी

सर्जेरावांनी आयुष्यात जेवढे उपास धरले, ते सगळे आनंदीबाईंनी केले. नवस बोलायला सर्जेराव पुढे, आणि उपाशी राहून, अनवाणी चालून तो फेडायला आनंदीबाई. गुडघा दुखायचा थांबला तर पाच गुरुवार करीन, असं ते दत्ताला सांगून मोकळे व्हायचे आणि घरी आल्यावर बायकोला म्हणायचे, गुरुवार धरलेत, ध्यानात ठेव. ध्यानात आनंदीबाईंनी ठेवायचं, उपाशीही त्यांनीच राहायचं. सर्जेराव त्या दिवशी मार्केट यार्डात आपल्या गाळ्यावर बसून मिसळ मागवायचे. यात काही फसवणूक आहे असं दोघांपैकी कुणालाही कधी वाटलं नाही. नवरा-बायकोचं पुण्य एकच, अशी धायरीतल्या त्यांच्या सगळ्या भावकीची समजूत होती, आणि देवानंही आजवर तक्रार केली नव्हती.

म्हणून पुढं जे झालं त्याला आनंदीबाईंची लबाडी म्हणणाऱ्यानं आधी एवढं समजून घ्यावं. लबाडी करायला लागणारं डोकं त्यांच्याकडं नव्हतंच. त्यांना त्यांची सवय नडली.

सर्जेरावांचं पोट म्हणजे त्या घरातलं एक वेगळं माणूसच होतं. त्याला काय सोसतं, ते कशानं बिनसतं, हे सगळ्यांना पाठ. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, जेवणाआधी गॅसची गोळी, जेवणानंतर यार्डातल्या कुणीतरी सुचवलेलं चूर्ण. डॉक्टरकडं मात्र जायचं नाही. मेडिकलवाल्याला विचारायचं, तो देईल ते घ्यायचं, आणि चार दिवसांत गुण आला नाही की ती गोळ्यांची पट्टी फ्रिजवरच्या डब्यात टाकून नवी आणायची. डब्यातल्या उरलेल्या गोळ्या आनंदीबाई घ्यायच्या. वाया कशाला घालवायच्या, आणि त्यांचंही पोट अलीकडं धड नव्हतंच. साफ झाल्यासारखं वाटायचं नाही, जेवण जायचं नाही, दुपारी भांडी आवरली की मटकन खाली बसावंसं वाटायचं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. भावकीतल्या बायका म्हणायच्या, आनंदीबाई, बारीक झालात, छान दिसता. उपासांचा गुण म्हणून त्याही ते मानून घ्यायच्या.

उन्हाळ्यात यार्डातले तात्याराव गेले. शेजारचाच गाळा त्यांचा, सर्जेरावांचा जन्माचा सोबती. आतड्याचा कॅन्सर निघाला, आणि निघाला तेव्हा डॉक्टरांना पोट उघडून तसंच शिवून टाकावं लागलं. त्यांचंही असंच सुरू झालं होतं म्हणे, गॅस, चूर्ण आणि मेडिकलवाला. अंत्यविधीहून परत येताना इंद्रजीतनं गाडीत बापाला सांगितलं, आबा, तुम्ही तपासून घ्या.

इंद्रजीत त्यांचा एकुलता एक मुलगा, हिंजवडीला कंपनीत नोकरीला. मागं एकदा बिल्डरला जमीन देण्यावरून बाप-लेकाचं बिनसलं होतं आणि एका छपराखाली राहून दोघं वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते. निरोप इकडून तिकडं न्यायचं काम आनंदीबाईंकडं होतं. एक म्हणायचा त्याला सांग, दुसरा म्हणायचा त्यांना सांग, आणि दोघंही एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन वेगवेगळ्या खोल्यांत जेवायचे. तसलं वर्ष पुन्हा दाखवू नको, एवढंच त्या देवाकडं मागायच्या. बाकी सगळी मागणी नवऱ्याची, हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

दवाखान्याचं नाव काढलं की बाप उठून जातो हे बघून इंद्रजीतनं घरी तपासायचं किट मागवलं. ते आलं तेव्हा श्रावण लागला होता. त्याच्या बायकोनं, ऋतुजानं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते उघडून सगळ्यांना समजावलं. कमोडमध्ये पसरायचा कागद, टोकाशी खाचा असलेली एक बारीक काडी, आणि ती काडी बुडवून घट्ट बंद करायची एक प्लास्टिकची नळी. नळीवर चिठ्ठी चिकटवलेली, सर्जेराव, वय, पुरुष. शौचावाटे डोळ्यांना न दिसणारं रक्त जात असेल तर यात कळतं, ती म्हणाली, आणि सकाळी किटवाल्या कंपनीचा माणूस येऊन घेऊन जातो. सर्जेरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि असल्या घाणीत आपण हात घालणार नाही असं जाहीर केलं. इंद्रजीतचा आवाज चढला. मग त्यांचाही चढला.

आनंदीबाईंना ते वर्ष आठवलं. त्या मध्ये पडल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही नुसतं जाऊन या, पाणी टाकू नका, पुढचं मी बघते. हे सर्जेरावांना लगेच पटलं. पुढचं कुणीतरी बघणार असेल तर त्यांची कशालाच ना नसायची.

ठरल्या दिवशी ते पहाटे उठले, रोजच्यासारखे बराच वेळ आत बसले, बाहेर येऊन "बघ काय ते" म्हणाले आणि यार्डाकडं निघून गेले. त्यांनी शब्द पाळला होता, हे कबूल केलं पाहिजे. आनंदीबाई आत गेल्या आणि त्यांचा हात आपोआप फ्लशवर गेला. लग्न होऊन या घरात आल्यापासून नवऱ्याच्या मागं जे जे पडेल ते त्या न बघता आवरत आल्या होत्या, ताट, अंथरूण, ओला टॉवेल, न्हाणीघर. काडी आणि नळी त्यांना पाणी खळाळून गेल्यावर आठवली.

भिंतीला हात लावून त्या तशाच उभ्या राहिल्या. माणूस तर थोड्या वेळात दारात येणार. सर्जेराव एकदा तयार झाले, दुसऱ्यांदा होणार नाहीत. इंद्रजीतला वाटणार आबांनी मुद्दाम केलं, आणि आईकडून चुकलं हे तो मानणार नाही, कारण आईकडून कधी काही चुकत नसे. मग पुन्हा वेगवेगळ्या खोल्यांत ताटं.

मग त्यांना सुचलं. सुचलं म्हणजे काय, आजवर जे चालत आलं होतं तेच पुढं आलं. दोघांचं जेवण एका भांड्यातलं. तीच भाकरी, तीच आमटी, तेच पाणी, गोळ्यासुद्धा त्यांच्याच. मग पोटातून बाहेर पडणारं असं कितीसं निराळं असणार? त्यांना काही झालं असलं तर एव्हाना आपल्यालाही झालेलं असेल, आणि त्यांना काही नसलं तर आपल्याला कुठून येणार. हा हिशेब कुणाला अडाणी वाटेल, पण जिनं नवऱ्याच्या नावानं शेकडो दिवस उपाशी काढले आणि त्याचा गुडघा बरा झालेला पाहिला, तिला तो वाटला नाही. त्यांनी कागद पसरला, ऋतुजानं दाखवलं होतं तशी काडी ठिकठिकाणी टोचली, नळीत घातली, हलवली, झाकण घट्ट लावलं. चिठ्ठीवरचं नवऱ्याचं नाव ओलं होऊ नये म्हणून नळी फडक्यानं पुसली. आणि बेल वाजली तेव्हा ती त्या माणसाच्या हातात दिली.

रिपोर्ट इंद्रजीतच्या फोनवर आला. त्या दिवशी तो लवकर घरी आला, बूट न काढता टेबलाशी बसला आणि आबांना बोलवा म्हणाला. आनंदीबाई कणीक मळत होत्या. त्यानं वाचून दाखवलं. रक्त सापडलं होतं. आता दुर्बीण आत घालून आतडं बघावं लागेल, कदाचित काही नसेलही, पण बघावंच लागेल.

आनंदीबाईंचा हात परातीत थांबला. हे माझं आहे, असं त्यांच्या मनात अगदी स्वच्छ उमटलं. एका भांड्यातल्या जेवणाचा सगळा हिशेब त्या क्षणी विरून गेला. बांगड्या कुठपर्यंत आल्यात ते त्यांनी पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात सर्जेराव बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका बारीक झाला असेल.

"कुठं यायचं ते सांग, इंद्रा. येतो मी."

आनंदीबाईंनी तोंड मिटलं. या माणसाला दवाखान्यात न्यायला तात्यारावांचं मरण पुरलं नव्हतं, पोराचं ओरडणं पुरलं नव्हतं, आणि आज ते आपल्या पायांनी यायला निघाले होते. आत्ता खरं सांगितलं तर ते पुन्हा खुर्चीवर ताठ बसतील आणि त्यांच्या पोटात काय आहे ते कुणालाच कधी कळणार नाही. त्यांचं होऊ दे, मग सांगते, असं आनंदीबाईंनी ठरवलं. त्यात त्यांना थोडं हायसंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. जोवर सांगत नाही तोवर ते रक्त आपलं नव्हतं.

दुर्बिणीचा दिवस येईपर्यंत सर्जेराव यार्डात गेले नाहीत. ते स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसायचे आणि आनंदीबाई काम करत असताना बोलत राहायचे. लग्नाच्या वेळचं, विहिरीवरचं, आईच्या हातच्या पिठल्याचं. एकदा म्हणाले, मी गेलो तर तू या घरात कुणाचं ऐकू नकोस. ते बायकोशी इतकं कधी बोलले नव्हते, आणि आनंदीबाईंना ते गोड लागत होतं. गोड लागत होतं आणि घास उतरत नव्हता. नवरा सुखरूप सुटू दे म्हणून त्यांनी श्रावणातल्या उपासांवर आणखी दोन वार धरले. दुर्बिणीची तारीख देताना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पोटातल्या आगीच्या गोळ्या सर्जेरावांनी चार दिवसांत सोडल्या, आणि पट्टी फ्रिजवरच्या डब्यात गेली. आनंदीबाईंनी त्या घेतल्या. छातीतली जळजळ थोडी थांबली, आणि त्यांना वाटलं, बघ, उतार पडतोय.

दवाखाना सातारा रोडवर होता. लिफ्टला गर्दी म्हणून सगळे जिन्यानं वर गेले. दुर्बीण झाली, आतडं स्वच्छ निघालं, आणि डॉक्टरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून स्क्रीनवर ते गुलाबी बोगद्यासारखं काहीतरी दाखवलं. आनंदीबाई सर्जेरावांच्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. जिन्याचा दम अजून गेला नव्हता.

"रक्त रोज थोडंथोडं जात असतं ना, तर माणूस असा दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "पांढरा पडतो. जिना चढताना धाप लागते. वजन उतरतं, जेवण नको होतं. तुमचं हिमोग्लोबिन तर तरण्या पोराला लाजवेल असं आहे."

"मग ते रक्त कुणाचं म्हणायचं?" सर्जेराव हसत म्हणाले.

डॉक्टरही हसले. म्हणाले, कधीकधी तपासणी चुकते, कधी मूळव्याधीचा एखादा ओरखडा असतो, फार विचार करू नका. इंद्रजीतनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. स्क्रीनकडं तोंड करून असलेल्या सगळ्यांच्या मागं आनंदीबाई श्वास आवरत उभ्या होत्या आणि डॉक्टरांनी सांगितलेली एकेक खूण आपल्या अंगावर ओळखत होत्या. तिथं कुणी मान वळवून पाहिलं असतं तरी पुरलं असतं. कुणी पाहिलं नाही.

गाडीत सांगू म्हटलं तर सर्जेराव सगळ्या भावकीला फोन लावत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून आडवे झाले तेव्हा आनंदीबाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. फ्लश, काडी, नळी, नाव. सांगताना त्यांनी दोनदा माफी मागितली. सर्जेराव छताकडं बघत ऐकत राहिले. मग उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"इंद्राला सांगितलंस?"

"न्हाई."

"ऋतुजाला?"

"कुणालाच न्हाई."

त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे. आनंदीबाईंना ते लागलं, पण लगेच त्यांनी स्वतःची समजूत घातली, की माणूस गोंधळला की काहीही विचारतो. सर्जेराव खोलीत फेऱ्या घालायला लागले. बायकोच्या रिपोर्टावर आपल्यात दुर्बीण घातली हे यार्डात कळलं तर लोक तोंडात शेण घालतील, असं ते दबक्या आवाजात म्हणाले. तात्यारावांच्या पोरांनी आधीच विचारलं होतं, काय झालं, काय झालं. नंतर त्यांचा चेहरा जरा उजळला.

"आन् ती तपासणीची मशीनच खोटी हाय की. डॉक्टर काय बोलला? चुकतंय कधीकधी."

"तुमचं म्हणून बोलले ते," आनंदीबाई म्हणाल्या. "माझं कुठं ठावं हाय त्यांना. मला धाप लागतीया, आवं."

"मग नेतो की. न्यायचं न्हाई म्हणतोय का मी? गणपती तोंडावर आलेत. ते होऊ दे, भैरोबाला बोललेलं जेवण होऊ दे. मग आपण दोघंच जाऊ, गुपचूप, दुसऱ्या डॉक्टरकडं. इंद्राला कशापायी घोर?"

शेवटचं वाक्य त्यांनी बरोबर जागी ठेवलं. इंद्राला घोर नको हे आनंदीबाईंनाही हवंच होतं. त्या बरं म्हणाल्या.

सर्जेराव वाईट माणूस नव्हते, असं म्हणायची पद्धत आहे. ते भित्रे होते. आणि भित्रा माणूस घरात सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलत असला की त्याची भीती दुसऱ्या कुणालातरी वागवावी लागते. गणपती झाले. मग पितृपंधरवडा लागला, आणि त्या दिवसांत नवं काही सुरू करत नाहीत. मग घट बसले. आनंदीबाईंनी नऊ दिवस धरले, स्वतःचे आणि नवरा सुटला म्हणून त्याचेही. दसऱ्यानंतर भैरोबाला बोकडाचं जेवण झालं. मांडवात सर्जेरावांनी पंगतीत फिरत फिरत सगळ्यांना मशीनची गोष्ट सांगितली, कशी खोटी निघाली, कसं उगाच घाबरवतात. लोक पोट धरून हसले. बायका आनंदीबाईंना म्हणाल्या, सुटलात बाई. त्या वाढत होत्या, आणि मधेच खांबाला टेकून उभ्या राहत होत्या.

मात्र आनंदीबाईंनी सगळं सांगितलं त्या दुपारनंतर सर्जेराव त्यांच्याकडं बघायला लागले होते. जेवताना, कपडे वाळत घालताना, जिना चढताना. यार्डातून डाळिंबं आणायचे, स्वतः सोलून बायकोपुढं ठेवायचे, सून बघत असली तरी. रोज सकाळी निघताना दारात थांबून विचारायचे, "बरं हाय न्हवं?" त्यांना कोणतं उत्तर हवंय ते त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं असायचं. आनंदीबाई म्हणायच्या, बरं हाय. मग ते चप्पल घालून सुटल्यासारखे निघून जायचे. दोघांनाही ठाऊक होतं, आणि एकमेकांना ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. असल्या घरात दिवस फार हळू सरतात.

ऋतुजाला काही माहीत नव्हतं, पण तिला दिसत होतं. आई, तुम्ही फार पांढऱ्या पडलाय, असं म्हणून तिनं लोहाच्या गोळ्या आणून दिल्या आणि या गोळ्यांनी शौच काळं होईल, घाबरू नका, असंही सांगितलं. शौच काळं व्हायला लागलं. ते गोळ्यांनी की आणखी कशानं, हे विचारायची सोय उरली नाही. सर्जेरावांना आनंदीबाईंनी एकदा आठवण केली. ते म्हणाले, आता दिवाळी कितीशी राहिलीय, फराळाचं होऊ दे, पाडव्यानंतर नक्की नेतो. या वेळी त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला होता, आणि तो गार होता.

लाडवाचं बेसन भाजताना आनंदीबाई शेगडीपुढं कोसळल्या. कढई उलटली, पायावर पडली नाही हे नशीब. ऋतुजानं कुणाला विचारलं नाही, शेजाऱ्याला हाक मारून त्यांना गाडीत घातलं आणि सातारा रोडच्या त्याच दवाखान्यात नेलं. आनंदीबाईंचं रक्त निम्म्याहूनही कमी भरलं. आधी बाटल्या चढवल्या, मग दुर्बीण घातली. या वेळी स्क्रीनवरचा बोगदा एका जागी बंद झाला होता.

डॉक्टरांनी सगळं आनंदीबाईंसमोरच सांगितलं, कारण मी ऐकणार असं त्याच निक्षून म्हणाल्या होत्या. त्या चाकाच्या खुर्चीत, शेजारी सर्जेराव, भिंतीशी इंद्रजीत आणि ऋतुजा. गाठ मोठी होती. ऑपरेशन लगेच करायला हवं, पुढं कुठवर पसरलंय ते उघडल्यावरच नीट कळेल. जगण्यावाचण्याचं आज काही बोलता येणार नाही.

"यांची शौचाची तपासणी कधी केली होती का?" डॉक्टरांनी विचारलं. "घरच्या घरी होते. थोडं आधी कळलं असतं तर मी आज वेगळं बोललो असतो."

मग भिंतीशी उभ्या असलेल्या इंद्रजीतचा हुंदका ऐकू आला. एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. माझी चूक आहे, तो म्हणत होता, आबांसाठी मागवलं तेव्हा आईसाठी एक मागवायला मला काय झालं होतं, मला ती आठवलीच कशी नाही. ऋतुजा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण शौच काळं करणाऱ्या त्या गोळ्या तिनंच दिल्या होत्या.

आनंदीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. आता तरी बोलतील म्हणून त्या थांबल्या. चांगल्या थांबल्या. सर्जेरावांनी खुर्चीत अंग हलवलं, घसा खाकरला आणि म्हणाले, आता ते बोलून काय उपेग. पोराकडं न बघता म्हणाले.

आपल्या पोटात काय आहे हे ऐकताना आनंदीबाईंना जेवढा राग आला नव्हता तेवढा तेव्हा आला. इतक्या वर्षांत आला नव्हता तेवढा आला. मरणाचं त्या बघून घेणार होत्या. पण पोरानं जन्मभर हे आपल्या माथी घेऊन फिरायचं, हे त्यांना सोसणार नव्हतं.

"इंद्रा, इकडं बघ," त्या म्हणाल्या. "तुझी चूक न्हाई. तू मागवलेल्या किटात माझीच तपासणी झाली हुती. आबांचं म्या चुकून वाहून घालवलं, म्हणून माझं दिलं. ते रक्त माझं हुतं."

इंद्रजीतनं हात खाली घेतले. डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. सर्जेराव उठले आणि मी गाडी दारात आणतो म्हणाले, जणू आनंदीबाईंना आत्ता घरी न्यायचं होतं.

ते दारापाशी पोचले तेव्हा इंद्रजीतनं आईला विचारलं, "आबांना माहीत होतं?"

नाही हे उत्तर आनंदीबाईंच्या जिभेवर तयार होतं. असली उत्तरं त्यांना शोधावी लागत नसत. त्यांनी सर्जेरावांच्या पाठीकडं पाहिलं, दाराच्या मुठीवरच्या त्यांच्या हाताकडं पाहिलं. ती मूठ अजून फिरली नव्हती, आणि त्यांना त्या हाताची दयाही आली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "गणपतीच्या आधीपासनं."

इंद्रजीत ओरडला नाही. तो पुढं आला, बापाची रिकामी झालेली खुर्ची त्यानं आईच्या जवळ ओढली आणि तिच्यात बसला. आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन त्यानं डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशन उद्या सकाळी होईल का. सर्जेराव दार धरून उभे होते. त्यांना आत या किंवा बाहेर जा असं कुणीच म्हणालं नाही.